नेपतीला पाणी

कत्तिरी लागली की मला नाना आठवतात आणि नाना आठवले की माझी चिडचिड सुरू होते. गेल्या सात वर्षांत हा क्रम कधी चुकलेला नाही. कत्तिरी म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्यातला उन्हाळा. एरवीही इथं काही थंडी पडत नाही, पण मे उजाडला की भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरात एका चौकोनात अग्निनक्षत्र सुरू झाल्याचं छापलेलं असतं आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी दुसऱ्या चौकोनात ते संपल्याचं. उन्हाला असं वेळापत्रक लावून दिलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. त्या दोन चौकोनांच्या मधे गच्च्यांवर धोतरं अंथरून वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळतात, कोपऱ्यावर ताडगोळे सोलणारी बाई येऊन बसते, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझा नवरा वासू म्हणतो, समुद्रावरचा वारा त्याच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसपर्यंत येतो आणि पुढं तांबरमला यायचा कंटाळा करतो. आमचं घर तांबरमला आहे.

परवा पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभी होते. सहा वाजायचे होते तरी मानेवरून घाम ओघळत होता. तेवढ्यात गल्लीत पाण्याची लॉरी शिरली. पाठोपाठ बायका प्लास्टिकचे निळे, पिवळे, गुलाबी घडे घेऊन धावल्या, आणि त्या रिकाम्या घड्यांचा एकमेकांवर आपटल्याचा तो पोकळ आवाज आला. बस आली, मी बसले, श्रीपेरुंबुदूर येईपर्यंत डोळे मिटून घेतले. झोप कसली लागतेय.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हा आवाज दिवसभर असायचा. तळी आटली होती, आमची बोअर आधी गढूळ झाली आणि मग नुसती हवा ओकायला लागली. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, यांची बाग डोळ्यांदेखत गेली. आधी कनकांबरं, आपली अबोली, माना टाकून बसली, मग जाई, मग केळ. कढीपत्त्याचं झाड बिचारं शेवटपर्यंत तग धरून होतं, त्याचंही एक दिवस खराट्यात रूपांतर झालं. उरली ती तुळस, कारण तुळशीला अम्मा सकाळी अंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी घालायच्या, आणि आभाळ कोसळलं तरी तो तांब्या चुकणार नव्हता. आदल्या हिवाळ्यात माझी आई गेली होती. गावाकडं माझे वडील, नाना, एकटे. मी हट्टानं त्यांना चेन्नईला घेऊन आले. अशा वर्षी आणलं, दुसरं काय.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडं, कर्जत-जामखेडच्या बाजूला. नाना वीज खात्यात लाइनमन होते. आयुष्यभर माळावरून तारांच्या खालून चालत फिरलेला माणूस. तार कुठं तुटली, कुठला खांब कलला, कुठल्या डीपीचा आवाज आज वेगळा येतोय, हे त्यांना लांबून कळायचं. डोळ्यांपेक्षा कानांवर त्यांचा भरवसा जास्त. आणि ह्या भटकंतीत त्यांना माळावरची प्रत्येक नेपती ठाऊक झाली होती.

नेपती माहीत नसलेल्या माणसाला नेपती सांगणं अवघड आहे. ते झुडूप आहे, पण झुडूप म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतं त्यातलं त्याच्यात काहीच नाही. पानं नाहीत. म्हणजे कोवळ्या फुटीवर नखाएवढी येतात आणि लगेच गळतात. बाकी नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता आणि जोडीजोडीनं वाकडे काटे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वाळलंय, जाळायला न्यावं. पण फाल्गुनात, माळावर गवताची काडी ओली नसते तेव्हा, त्या गुंत्याला विटकरी रंगाची फुलं येतात, आणि चैत्रात हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी हिरवी फळं. ती तोंडात टाकली तर थुंकावं लागतं इतकी कडू. आई ती मिठाच्या पाण्यात टाकायची. रोज पाणी फेकायचं, रोज नवं घालायचं. आठ-दहा दिवसांत हिरवी फळं पिवळसर होतात, कडूपणा बराचसा उतरतो. मग मोहरी, तिखट, हळद, तेल. सगळा कडूपणा मात्र उतरवायचा नसतो. आई म्हणायची, सगळं कडू काढलं तर मग नेपती कशाला, मीठच चाटा की.

तर नाना चेन्नईला आले ते एक पिशवी आणि एक बारदान घेऊन. बारदानात गावाकडच्या मातीच्या ढेकळासकट नेपतीचं एक रोप बांधून आणलेलं, हातभर उंचीचं. रेल्वेत बरोबर बसलेल्या लोकांना काटे लागू नयेत म्हणून रात्रभर स्वतःच्या पायांत धरून बसले होते. अम्मांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"पावम," त्या म्हणाल्या. "हे तर वाळून गेलं की. येवढ्या लांबून कां आणले?"

पावम म्हणजे बिचारं. अम्मांना सगळी दुनिया पावम वाटते. लॉरीवाला पावम, ताडगोळेवाली पावम, टीव्हीवर हरलेला उमेदवार पावम. त्यांचं मराठी तंजावरचं, पोथीत सापडावं तसं जुनं, मधूनमधून तमिळ शब्द आणि सगळ्यावर तमिळ हेल. नानांना पहिले दोन दिवस ते कळेचना. आणि नानांचं नगरी बोलणं अम्मांना कळेना. मी मधे उभी राहून मराठीचं मराठीत भाषांतर करत होते.

नानांचा मुक्काम ही नाजूक गोष्ट होती. आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा जपून पितात. दिलेल्या घरी जाऊन राहणं म्हणजे पत गेली. मी म्हणत होते कायमचे राहा, ते म्हणत होते पंधरा दिवस. शेवटी अंगणात बारदान सोडता सोडता त्यांनीच तोडगा काढला.

"हे लागलं ना हितं, तर राहीन मी," ते म्हणाले. "न्हाई लागलं, तर मला गाडीत बसवून द्यायचं. रडारड न्हाई करायची."

मी हो म्हणाले. नेपती लागणार नाही असं मला वाटलंच नाही. जी माळावर मुरमात लागते तिला अंगणात काय धाड भरली आहे, असा माझा विचार. नानांना तसं वाटत नव्हतं. आमच्या लेआउटची जमीन मूळची तळ्याची. वरची वीतभर भर खणली की खाली काळी चिकट माती. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "हिच्यात पाणी मुरत न्हाई, बसून ऱ्हातंय. नेपतीला तहान चालती, ओल चालत न्हाई. मुळ्या कुजत्यात."

मग चार दिवस खपून त्यांनी अम्मांच्या मेलेल्या बागेच्या जागी कोरडी बाग केली. शेजारी घर पाडलं होतं, तिथून विटांचे तुकडे आणले. गुडघाभर उंच वाफा बांधला, तळाला विटा, वर खडी, वर वाळू. मधोमध नेपती. कडेनं कोरफड, आणि कुठल्याशा कुंपणावरून तोडून आणलेला निवडुंग. पाणी मागणार नाही अशी बाग, असं त्यांनी अम्मांना समजावून सांगितलं. नेपतीला सुरुवातीला आठवड्यातून एकदा भांडंभर पाणी, तेही मुळाशी नाही, वीतभर लांब, आणि एकदा लागली की तेवढंही नको. अम्मा मागच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. पुढ्यात सुपात सुंडक्काय. सुंडक्काय हे इकडचं वाटाण्याएवढं कडू फळ. ठेचायचं, मिठाच्या ताकात भिजवायचं, दिवसा उन्हात, रात्री परत ताकात, असं आठवडाभर, आणि मग कडकडीत वाळवून डब्यात. त्याला वत्तल म्हणतात.

नानांनी एक सुंडक्काय चावून पाहिलं. तोंड वाकडं केलं. मग हसले.

"आमची नेपती अशीच करत्यात की," ते म्हणाले. "मिठाच्या पाण्यात."

"होय कां?" अम्मा म्हणाल्या. "ताकात घाला. मिठाचं पाणी नुसतं कडू काढतं. ताक रुची देतं."

त्या दिवसापासून मला भाषांतर करावं लागलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यावं तर दोघं मागच्या पायरीवर बसलेले असायचे, मधे सूप. कडू काय काय असतं आणि ते कसं कसं उतरवायचं, हेच चाललेलं. कारलं, मेथी, कडुलिंबाची फुलं. एकमेकांचं निम्मं बोलणं त्यांना कळत नसणार. काही अडत नव्हतं.

मला हे गोड वाटायला हवं होतं. वाटायचंही, पहिले आठ दिवस. पण माणूस दिवसभर गुणवत्ता विभागात उभं राहून गाड्यांच्या दारांच्या फटी मोजतं, घरी येतं, आणि घरी मोजायला पाणी असतं. लॉरी दोन दिवसांआड. संपातलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी काठी बुडवून अंगठ्यानं मोजायचं. कपडे आठवड्यातून एकदा. अंघोळीला माणशी एक बादली, तीही पाऊण. वासूची उठता बसता कुरकुर, कारण लॉरी आली की घडे त्याला उचलावे लागत. त्या दिवशी, कुठला दिवस ते विचारू नका, मला तो चांगला आठवतो, मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. कणकेलासुद्धा पाणी चमच्यानं घालत होते. वासू येऊन म्हणाला की संप परत खाली गेलाय.

आणि मी म्हणाले, "मग जाणारच. एक माणूस वाढलं की दोन बादल्या वाढतात. किती दिवस पुरणार आहे असं?"

बस, एवढंच. हे मी नानांना उद्देशून म्हटलं नव्हतं. वासूवर भडकून म्हटलं होतं, पाण्यावर भडकून म्हटलं होतं, त्या मरणाच्या उन्हावर भडकून म्हटलं होतं. खिडकीबाहेर मागच्या पायरीवर नाना बसले होते, हे मला बोलल्यावर सुचलं. मी खिडकीतून बघितलं. ते मिक्सरचं भांडं उलटं धरून त्याची पाती घट्ट करत होते. मान खाली. थोड्या वेळानं आत आले, भांडं ओट्यावर ठेवलं, म्हणाले, "झालं गं. आता आवाज न्हाई करायचा." मग चहा मागितला. मी दिला. ऐकलं नसणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पंखा होता, गल्लीत घड्यांचा गोंधळ होता, आणि माणसाचं वय झालं की कान जातातच.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आज अंघोळ नको, कसकस वाटतेय. मग दिवसाआड अंघोळ करायला लागले, तीही अर्ध्या बादलीत. मी म्हटलं, "नाना, असं काय करताय, घामानं अंगाला पुरळ येईल." तर म्हणाले, "माळावर कुठं रोज अंघोळी केल्या. सवय हाये मला." मी जास्त ताणलं नाही. अर्धी बादली वाचत होती. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण वाचत होती हे खरं.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी ते पाहिलं. अम्मा अंघोळ करून तुळशीला पाणी घालून आल्या आणि दुसरा एक तांब्या नेपतीच्या मुळाशी ओतला. मुळाशी, अगदी बुडात. पायरीवर नाना बसलेले. बघत होते. अम्मा आत गेल्या. वाळूवरचा ओला डाग बघता बघता खाली गेला, खालच्या काळ्या मातीपर्यंत.

मी दारात उभी राहून सगळं समजून घेतलं, म्हणजे मला समजलं असं मला वाटलं. अम्मांना दया आली. पानं नाहीत म्हणजे तहानलेलं आहे, पावम. आणि नाना विहीणबाईंना कसे सांगणार की पाणी घालू नका? लेकीची सासू. तिच्या घरात बसून, तिचं अन्न खाऊन, तिच्या हातातला तांब्या धरायचा? आमच्याकडचा माणूस मरेल पण विहिणीचा शब्द खाली पडू देणार नाही. मग सांगायचं कुणी? मीच. मी सून, मी लेक. एका वाक्याचं काम. अम्मा, नेपतीला रोज पाणी नको, ती मरेल. अम्मा लगेच थांबल्या असत्या, वर दहादा हळहळल्या असत्या.

मी सांगितलं नाही. आज नको, उद्या सांगू. अम्मांना वाईट वाटेल. त्या स्वतःच्या अंघोळीतलं पाणी वाचवून घालताहेत, त्यांना कसं तोडून बोलायचं. ही सगळी कारणं खरी होती. पण सगळ्यांच्या खाली आणखी एक होतं, आणि तेही खरं होतं. मला वाटलं, नाही लागली तर नाही लागली. मी माझ्या तोंडानं जा म्हणणार नव्हते. झाडानं म्हटलं तर म्हणू दे.

नेपती मरताना दिसत नाही. कनकांबर मरताना आधी मान टाकतं, जाई पिवळी पडते, कढीपत्ता पानं गाळतो, आपल्याला तयारी करायला वेळ मिळतो. ज्याला पानंच नाहीत ते काय गाळणार? काड्या शेवटपर्यंत हिरव्याच होत्या. तीन आठवड्यांनी नानांनी मला बोलावलं आणि एका काडीची साल नखानं खरवडून दाखवली. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. बुंध्याशी बोट घातलं तर मऊ लागलं.

"लागलं न्हाई बघ," ते म्हणाले. "माती परकी पडली."

आवाजात काही नव्हतं. खांबावर चढून खाली आल्यावर, लाईन गेलीय, पोल बदलावा लागेल, असं सांगावं तसं सांगितलं. मी रडले. ते म्हणाले, "रडारड न्हाई करायची ठरलंय." कॅलेंडरात अग्निनक्षत्र संपल्याचा चौकोन आला त्याच्या आदल्या दिवशी वासूनं त्यांना गाडीत बसवलं. अम्मांनी सुंडक्काय वत्तलचा डबा बांधून दिला. नानांनी वाकून त्यांना नमस्कार केला. विहिणीला असा नमस्कार कुणी करत नाही. मला तेव्हा वाटलं, मोठ्या मनाचा माणूस, जिनं झाड मारलं तिला नमस्कार करतोय.

ते गेल्यावर घरात पाणी पुरायला लागलं. पुरलं म्हणजे काय, थोडं कमी अपुरं पडायला लागलं. दोन महिन्यांनी पाऊस आला, बोअर भरली, आणि मी दर आठवड्याला फोनवर म्हणायला लागले, नाना या, आता पाणी आहे. ते हसायचे. "झाड कुठं लागलं तिकडं," म्हणायचे. मग मी फोन ठेवायचे आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या अम्मांकडं बघायचे.

नाना त्यानंतर तिसऱ्या फाल्गुनात गेले. एकटेच होते. शेजारच्या बाईला दोन दिवस दार बंद दिसलं. मी पोचले तेव्हा माळावर जिकडं बघावं तिकडं नेपती विटकरी फुलांनी भरली होती, आणि मला त्या रंगाचा इतका संताप आला की मी मान वर करून बघितलं नाही. स्वयंपाकघरात फडताळात ताकात घातलेली नेपतीची बरणी सापडली, आदल्या वर्षीची, बुरशी धरलेली. मिठाच्या पाण्यात नव्हे, ताकात.

मी अम्मांना कधी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, दोन दिवसांत मिटलं असतं. त्याऐवजी मी त्यांनी केलेलं वत्तल खाणं सोडलं. वत्तल कुळंबु, म्हणजे वत्तलची चिंचेची आमटी, पानात आलं की मी ते बाजूला काढून ठेवते. अम्मांनी एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. त्या तुळशीला पाणी घालताना मी तिथून उठून जाते. त्या बोलायला लागल्या की मी मोबाइल बघते. त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला बाई ठेवली, स्वतः कधी लावलं नाही. कुणी बोट दाखवावं असं काही नाही. शेजारणी म्हणतात, सून चांगली आहे, आवाज चढवत नाही. खरंच आहे. सात वर्षं मी आवाज चढवला नाही.

काल चढवला. सुट्टी होती. सकाळी नऊलाच अंगण तापलं होतं आणि नळाला पाणी दिवसाआड यायला लागल्याला आठवडा झाला होता. अम्मा आता ऐंशीच्या पुढं आहेत. एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन त्या नानांच्या वाफ्याशी आल्या. त्यात आता नुसती कोरफड आहे, माजलेली. तिला पाणी घालायला वाकल्या.

"घाला, घाला," मी म्हणाले. "असंच पाणी घालून नानांची नेपती मारलीत. आता हिलाही मारा."

अम्मा तशाच वाकलेल्या राहिल्या. मग हळूहळू सरळ झाल्या. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा नव्हता. काही समजत नाही असा होता.

"पाणी घालून मेलं?" त्या म्हणाल्या. "असं कसं मरेल? तुझे बाबाच सांगटले मला, पाणी घाला म्हणून."

मी म्हटलं, नाना असं सांगणार नाहीत. आठवड्यातून एकदा, वीतभर लांब, हे त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं.

"ते आधी सांगटले," अम्मा पायरीवर बसत म्हणाल्या. "मग झाडाला फूल आलं. तुला ठाऊक नाही कां? एक कळी होती, लाल, अशी विटेसारखी. सकाळीच मला हाक मारून दाखवले. म्हणटले, विहीणबाई, लागलं बघा. मी म्हणटलं, नंदा कामावरून आली की तिला दाखवूं या, किती संतोष होईल तिला. ते बसून राहिले थोडा वेळ. मग कळी तोडून खिशात घाटले. आणि म्हणटले, माझं एक काम करा. उद्यापासून तुळशीला घालता तसा ह्यालाही रोज एक तांब्या घाला, अगदी मुळाशी. नंदाला सांगूं नका, पाणी खर्च होतं म्हणून ती तुमच्यावर रागवेल."

अम्मांनी पदरानं कपाळ पुसलं.

"मी माझ्या अंघोळीतलं घाटलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाण्यातलं नाही. एक दिवस चुकवलं नाही. तरी कां गेलं, मला आजपर्यंत कळलं नाही. मी बरोबर घाटलं की नाही गं?"

लाइन चालू करायची की बंद करायची, हे ठरवणारा माणूस होता तो. स्वतः हात लावला नाही. लावलेलं झाड स्वतःच्या हातानं उपटणं त्यांना जमलं नसतं, आणि लागलंय म्हटल्यावर राहावं लागलं असतं, दिलेल्या शब्दामुळं. माझ्या दोन बादल्या रोज वापरत राहावं लागलं असतं.

"बरोबर घातलंत, अम्मा," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. मी त्या पायरीवर बसले. त्या पायरीवर मी ह्याआधी कधी बसलेच नव्हते, वेळ कुठं होता. ऊन पायांवर आलं तरी बसून राहिले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात वासू आल्याचं कळलं. आत पंखा फिरत होता, गल्लीत लॉरी आली होती, घडे आपटत होते.

"नंदा बाहेर कां बसली?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"हळू बोल," अम्मा म्हणाल्या. "पावम. बाबांची आठवण आली असेल."

खिडकी माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर होती. एकेक शब्द ऐकू आला. अम्मांनी कणकेत चमच्यानं पाणी घातलं, तेसुद्धा.